पासवर्ड बदलल्यावर टॅबवरचा मेल पुन्हा पुन्हा अडतो तेव्हा

मेलचा पासवर्ड बदलला की टॅबवरचे ॲप एकदा नवा पासवर्ड मागणार, तो दिला की मेल यायला लागणार आणि विषय तिथेच मिटणार, अशी आपली अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा तसेच घडतेही. हे टिपण उरलेल्या वेळांसाठी आहे. नवा पासवर्ड दिला, संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत चालले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पुन्हा तीच चौकट समोर आली: 'वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा पासवर्ड टाकायचा, पुन्हा काही तास बरे जायचे, पुन्हा चौकट. आमच्याकडे हा खेळ जवळजवळ सहा आठवडे चालला आणि त्यातले पहिले पाच आठवडे आम्ही चुकीच्या यंत्रावर उपचार करत होतो.

आमच्या काकांचा पुण्यातल्या नारायण पेठेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके आणि संस्थांचे वार्षिक अहवाल ही तिथली मुख्य कामे. गिऱ्हाईक मजकूर मेलने पाठवते, काउंटरवरच्या अँड्रॉइड टॅबवर तो उघडून गिऱ्हाइकासमोर वाचला जातो, आणि तयार झालेले प्रूफ त्याच टॅबवरून परत जाते. मेल छापखान्याच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावावर, आहे आणि तो सांभाळणारी होस्टिंग कंपनी बाहेरची आहे. मी तिथे हिशेब पाहतो, आणि घरातला 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे हे दुखणेही माझ्याच वाट्याला आले. एका कामगाराने नोकरी सोडली म्हणून आम्ही पासवर्ड बदलला, आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'टॅबमध्ये पासवर्ड बदलला' असे आपण एकवचनात म्हणतो. प्रत्यक्षात मेल ॲपमध्ये एकाच खात्याचा पासवर्ड बहुधा दोन ठिकाणी ठेवलेला असतो. मेल आणण्याचे काम आयमॅप नावाच्या पद्धतीने होते आणि त्यासाठी सर्व्हरचे ९९३ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते. मेल पाठवण्याचे काम एसएमटीपी करते आणि त्याचे पोर्ट ४६५ किंवा ५८७ असते. येण्याचा दरवाजा वेगळा, जाण्याचा वेगळा, आणि दोन्हींना कुलूपही वेगवेगळे. ॲप नवा पासवर्ड विचारते तेव्हा अनेकदा ते फक्त येणाऱ्या मेलपुरते विचारते, आणि जाणाऱ्या मेलच्या रकान्यात जुनाच पासवर्ड बसून राहतो. आपल्याला वाटते की काम झाले, कारण नवे मेल येताना डोळ्यांना दिसत असतात.

आमच्याकडे हे उघडकीला आले ते एका मुलीच्या वडिलांमुळे. ते सकाळी साडेदहाला काउंटरवर उभे राहून म्हणाले, "काल प्रूफ पाठवतो म्हणालात, अजून आलं नाही." टॅबवर त्यांचाच आदल्या दिवशीचा मेल स्वच्छ दिसत होता, त्याला दिलेले उत्तरही दिसत होते. आउटबॉक्स उघडला तर तिथे अकरा प्रुफे ओळीने अडकून पडली होती, आणि प्रत्येकापुढे एक लहान गोल चकरा मारत होता. त्यांतल्या एका पत्रिकेचा मुहूर्त नऊ दिवसांवर आला होता.

त्यामुळे ज्यांचे मेल येतात पण जात नाहीत, त्यांनी पुढचे सगळे सोडून आधी हेच पाहावे. अँड्रॉइडवर जीमेल ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले असेल, तर डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवरून सेटिंग्ज उघडावीत, खात्याचे नाव निवडावे आणि खाली 'इनकमिंग सेटिंग्ज' व 'आउटगोइंग सेटिंग्ज' अशा दोन्ही ठिकाणी जाऊन नवा पासवर्ड स्वतः लिहावा. आयपॅडवर वाट थोडी लांबची आहे. आयपॅडओएस १८ पासून 'सेटिंग्ज', मग 'ॲप्स', मग 'मेल' आणि मग 'मेल अकाउंट्स' असे जावे लागते. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'सेटिंग्ज'मधून थेट 'मेल' आणि 'अकाउंट्स' असे जाता येते. तिथे खात्याच्या पानावर वर येणाऱ्या मेलचा पासवर्ड दिसतो, परंतु जाणाऱ्या मेलचा दिसत नाही. त्यासाठी 'आउटगोइंग मेल सर्व्हर'खालच्या एसएमटीपीवर टिचकी मारून, पुढच्या पानावर 'प्रायमरी सर्व्हर' उघडावा लागतो. आयपॅडवर या रकान्यांमध्ये 'ऐच्छिक' अशा अर्थाचा शब्द फिकट अक्षरांत लिहिलेला असतो आणि तो वाचून अनेक जण रकाना मोकळा सोडतात. आजचे जवळजवळ सर्व सर्व्हर नाव-पासवर्डाशिवाय मेल बाहेर पाठवू देत नाहीत, त्यामुळे तो शब्द तिथे नाही असे समजूनच रकाना भरावा.

येणारे आणि जाणारे दोन्ही अडत असतील, किंवा दोन्ही चालू होऊन पुन्हा अडत असतील, तर मात्र टॅबच्या सेटिंग्जमध्ये हात घालण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. यांना पाच मिनिटे लागतात आणि आम्ही त्या पहिल्याच दिवशी केल्या असत्या तर पाच आठवडे वाचले असते. पहिली चाचणी म्हणजे ब्राउझरमध्ये मेलचे वेबपान उघडून तोच पासवर्ड हाताने टाकून पाहणे. दुसरी म्हणजे टॅब घरच्या किंवा दुकानाच्या वाय-फायवरून काढून, फोनच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे मोबाइल डेटावर घेऊन तेच वेबपान आणि तेच ॲप पुन्हा चालवणे. वेबपानावर कुठूनच प्रवेश मिळत नसेल, तर पासवर्डच चुकीचा आहे किंवा खाते सर्व्हरने कुलूपबंद केले आहे, आणि टॅबचा यात काही दोष नाही. वेबपान दोन्हींकडून चालते पण ॲप दोन्हींकडून चालत नाही, तर दोष ॲपमधल्या नोंदीत किंवा खाते जोडण्याच्या पद्धतीत आहे. आणि वाय-फायवर अडणारे ॲप हॉटस्पॉटवर ताबडतोब चालू लागले, तर पासवर्ड बरोबर आहे, ॲपही बरोबर आहे. तुमच्या वाय-फायच्या जोडणीलाच सर्व्हरने दार लावले आहे. या तिसऱ्या प्रकाराकडे मी नंतर सविस्तर येतो, कारण पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा तिथे सापडते.

चाचणी करताना पासवर्ड 'हाताने टाकून' असे मुद्दाम म्हटले आहे. ब्राउझर आणि टॅब यांना पासवर्ड लक्षात ठेवण्याची सवय असते, आणि रकान्याला बोट लागताच ते जुना पासवर्ड भरून मोकळे होतात. काळ्या ठिपक्यांच्या आड काय आहे ते आपल्याला दिसत नाही. म्हणून रकान्याच्या उजवीकडचे डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे उघडी करावीत आणि एक-एक वाचावे. टॅबच्या पासवर्ड व्यवस्थापकात जुनी नोंद असेल तर ती त्याच वेळी काढून टाकावी. कुठून तरी उचलून पेस्ट केलेल्या पासवर्डामागे एखादी मोकळी जागाही चिकटून येते, आणि सर्व्हरच्या लेखी मोकळी जागा हेसुद्धा एक अक्षरच असते.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट इथे आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती मदतीच्या कुठल्याच पानावर लिहिलेली नसते. काकांनी नवा पासवर्ड टॅबवरच्या टिपणवहीत मराठी कळफलकावरून लिहून ठेवला होता. अक्षरे त्यांनी कळफलक बदलून इंग्रजीत लिहिली होती, पण शेवटचे आकडे मराठीत उमटले होते. तिथून कॉपी करून तो मेलच्या रकान्यात पेस्ट केला, की डोळ्याला आकडे तेच वाटतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन सर्वस्वी वेगळी अक्षरे आहेत, आणि पासवर्ड चुकतो. कागदावरच्या चिठ्ठीची कथा याहून मजेदार आहे. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठासारखा. काकांची चिठ्ठी वाचून माझ्या चुलतभावाने तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, तो याच कारणाने. तेव्हापासून पासवर्डातले आकडे चिठ्ठीवर अक्षरांत लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.

आता खाते जोडण्याच्या पद्धतीविषयी. मेल गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल यांच्याकडचा असेल तर 'नवा पासवर्ड टाका' हा सल्ला अनेकदा मुळातच लागू पडत नाही. खाते टॅबमध्ये 'गूगल' या प्रकाराने जोडलेले असेल, तर ॲप तुमचा पासवर्ड साठवतच नाही. गूगलच्या पानावर एकदा ओळख पटली की ॲपला एक परवाना मिळतो आणि पुढे तो परवाना दाखवून काम चालते. पासवर्ड बदलला की मेल वाचण्याचे असे परवाने रद्द होतात, टॅबवर पुन्हा ओळख पटवण्याची सूचना येते, ती एकदा पूर्ण केली की झाले. बरेच लोक ती सूचना इतर सूचनांबरोबर बोटाने झटकून टाकतात आणि मग मेल का येत नाही याचा शोध घेत बसतात.

परंतु तेच जीमेल खाते एखाद्या वेगळ्या मेल ॲपमध्ये 'इतर' किंवा 'आयमॅप' या प्रकाराने जोडले असेल, तर परिस्थिती निराळी असते. केवळ नाव आणि नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या ॲपला प्रवेश देणे गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केले. तिथे 'ॲप पासवर्ड' लागतो. तो सोळा अक्षरांचा असतो, गूगलच्या खात्यातून तयार करावा लागतो, आणि त्यासाठी दुहेरी पडताळणी आधी चालू असावी लागते. यातली मेख अशी, की गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. टॅब नवा पासवर्ड मागतो, आपण प्रामाणिकपणे नवा मुख्य पासवर्ड देतो, आणि तो कितीही वेळा बरोबर लिहिला तरी कधीच चालणार नसतो. नवा ॲप पासवर्ड तयार करणे किंवा खाते काढून 'गूगल' प्रकाराने पुन्हा जोडणे, एवढे दोनच मार्ग उरतात, आणि मी डोळे झाकून दुसरा मार्ग सुचवीन. ॲपलच्या मेलचीही रीत हीच: ॲपल नसलेल्या टॅबवर आयक्लाउड मेल वाचायचा तर वेगळा ॲप पासवर्ड लागतो, आणि मुख्य पासवर्ड बदलताच तो रद्द होतो. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी नाव-पासवर्डाची जुनी पद्धत १६ सप्टेंबर २०२४ पासून थांबवली. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वी आयमॅपने जोडलेले हॉटमेल एखाद्या जुन्या टॅबवर अडले असेल, तर पासवर्ड आठवत बसण्यात अर्थ नाही, खाते 'आउटलुक' प्रकाराने नव्याने जोडावे.

छापखान्यासारख्या स्वतःच्या डोमेनवरच्या मेलला यातले काही लागू होत नाही. तिथे साधा पासवर्डच चालतो आणि तिथेच आमचे खरे दुखणे होते.

जाणाऱ्या मेलचा रकाना दुरुस्त केला, अकरा प्रुफे सुटली, मराठी आकड्यांचा घोळ निस्तरला, आणि तरीही दर एक-दोन दिवसांनी चौकट परत येऊ लागली. मी ॲप काढून पुन्हा बसवले. कॅशे पुसला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याला टॅब दाखवला, तर त्याने तो हातात न घेताच "फॅक्टरी रीसेट मारा" असे सांगितले, आणि आम्ही तेही केले. रीसेटनंतर टॅब दोन दिवस चालला, त्यामुळे काही काळ आम्हाला त्याचे म्हणणे खरेही वाटले.

धागा लागला तो काकांच्या एका वाक्याने. शनिवारी ते म्हणाले, "अरे, एक बघ. गुरुवारी हा आपोआप चालू होतो आणि शुक्रवारी दुपारी पुन्हा बसतो. मागचे तिन्ही गुरुवार मी बघतोय." काकूंकडे याचे स्पष्टीकरण तयार होते, कारण गुरुवार दत्ताचा. पण पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही गुरुवारच, हे इथल्या दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही. मी विचारले, "काका, लाइट जाते तेव्हा राउटर बंद होतो ना?" त्याला इन्व्हर्टर नव्हता, तो बंद होत होता आणि वीज आली की नव्याने सुरू होत होता.

याचा अर्थ असा. इंटरनेटवर आपल्या सगळ्या उपकरणांचा पत्ता एकच असतो, तो राउटरचा. टॅब, फोन, कॉम्प्युटर हे आत कितीही असले तरी मेल सर्व्हरला बाहेरून एकच आयपी पत्ता दिसतो. त्या पत्त्यावरून ठरावीक काळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा चुकीचा पासवर्ड आला, की कोणी तरी कुलूप फोडायचा प्रयत्न करत आहे असे समजून सर्व्हर तो पत्ता काही काळासाठी अडवतो. ही व्यवस्था चोरांसाठी असते आणि ती असायलाच हवी. पण ती अडवते तेव्हा सरसकट अडवते, बरोबर पासवर्ड देणाऱ्यालाही. काही सर्व्हर अशा वेळी जोडणीच घेत नाहीत, तर काही जोडणी घेतात आणि बरोबर पासवर्डालाही 'चुकीचा' म्हणतात. या दुसऱ्या वागण्यामुळे माणूस पुरता चकतो आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकून आपल्याच चुकांची संख्या वाढवतो. आमच्या जोडणीला राउटर नव्याने सुरू झाला की नवा आयपी पत्ता मिळतो. म्हणून गुरुवारी दार उघडत होते, आणि पुढे कोणी तरी चुका करून ते पुन्हा बंद करून घेत होते.

प्रश्न एवढाच राहिला की चुका कोण करते. होस्टिंग कंपनीच्या मदत विभागाला मी एकच गोष्ट विचारली: आमच्या खात्यावर चुकीच्या पासवर्डाने झालेले प्रयत्न कोणत्या पत्त्यावरून आणि किती वाजता झाले, याची यादी द्या. हा प्रश्न नेमका असाच विचारावा. 'मेल चालत नाही' असे लिहिले की 'ॲप पुन्हा बसवा' असे उत्तर येते. यादी आली. पत्ता आमचाच होता. वेळा होत्या रात्री २:१५, २:३०, २:४५, ३:००. काउंटरवरचा टॅब रात्री साडेआठला बंद करून खणात ठेवला जातो. छापखाना बंद असतो. काकांचा फोन त्यांच्या उशाशी असतो आणि त्यावर नवा पासवर्ड मी स्वतः घातला होता. मग पहाटे तीनला, घड्याळ लावल्यासारखे दर पंधरा मिनिटांनी, जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचे दार कोण ठोठावत होते?

छापखान्याच्या वरच काका-काकूंचे घर आहे आणि वाय-फाय एकच. काउंटरवरचा आधीचा टॅब, कोपऱ्याला तडा गेलेला, दोन वर्षांपूर्वी काकूंना पाककृती आणि कीर्तने पाहायला दिला होता. तो रात्रभर स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर चार्जिंगला लावलेला असे. त्यातले छापखान्याचे मेल खाते कोणी काढलेच नव्हते. काकू ते ॲप कधी उघडत नसत; 'पासवर्ड चुकीचा' अशी सूचना आली की, "काही तरी येत असतं बाई त्यावर," म्हणून बाजूला सारत. ॲप मात्र दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे दिवसाला शहाण्णव वेळा, इमानेइतबारे जुना पासवर्ड सादर करत होते. तो कामगार सोडून जाईपर्यंत हाच पासवर्ड बरोबर असल्यामुळे दोन वर्षांत कोणाच्या काही लक्षात आले नव्हते.

त्या टॅबवरून खाते काढले, राउटर एकदा बंद करून चालू केला, आणि चौकट यायची थांबली.

तुमच्याकडे गुरुवार नसेल, पण हॉटस्पॉटवर चालते आणि वाय-फायवर अडते असा अनुभव असेल, तर असेच एखादे विसरलेले यंत्र शोधावे. नव्या टॅबला जागा करून देण्यासाठी मुलांना दिलेला जुना टॅब, बदललेला फोन, कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षे मागे चालू असलेला मेल प्रोग्रॅम, आणि स्कॅन केलेले कागद थेट मेल करणारे झेरॉक्सचे यंत्र, या सगळ्यांच्या पोटात पासवर्ड असतो. एकाच टॅबवर दोन मेल ॲप असणे हेही नेहमीचे आहे: कंपनीने आधीच घालून दिलेले एक आणि आपण नंतर घेतलेले दुसरे. आपण वापरतो त्यात पासवर्ड बदलतो, दुसरे आत बसून जुनाच चालवत राहते. घरातल्या कुठल्याच यंत्रात जुना पासवर्ड सापडला नाही, तर एक शक्यता उरते. अनेक इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच ग्राहकांना मिळून देतात, आणि तसे असल्यास शेजाऱ्याच्या चुकीची शिक्षा तुम्हाला होऊ शकते. तेव्हा मेल सांभाळणाऱ्या कंपनीला तो पत्ता मोकळा करायला सांगणे एवढेच आपल्या हातात राहते.

मोठ्या कार्यालयांत बहुधा पत्त्याऐवजी खातेच कुलूपबंद होते. त्यामुळे तिथे हॉटस्पॉटच्या चाचणीने काही कळत नाही. सगळीकडूनच प्रवेश बंद होतो, प्रशासक कुलूप काढतो, आणि घरी विसरलेला टॅब तासाभरात ते पुन्हा लावतो. हिंजवडीत काम करणारी माझी मामेबहीण दर तीन महिन्यांनी, कंपनीने सक्तीने पासवर्ड बदलायला लावला की, हा अनुभव घेते. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याचा उपयोग नाही असे अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले, पण सगळ्या कंपन्यांपर्यंत ते अजून पोहोचलेले दिसत नाही.

पासवर्ड बदलण्याचा क्रमही त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. आम्ही आता असे करतो. आधी खाते असलेली सगळी यंत्रे गोळा करून त्यांचे वाय-फाय बंद करायचे, म्हणजे बदल होत असताना कोणी जुना पासवर्ड घेऊन दारात जाणार नाही. मग एकाच कॉम्प्युटरवर, वेबपानावरून पासवर्ड बदलायचा, बाहेर पडायचे आणि नव्या पासवर्डाने एकदा आत जाऊन पाहायचे. त्यानंतर एकेक यंत्र हातात घ्यायचे: वाय-फाय बंद असतानाच येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही रकान्यांत नवा पासवर्ड लिहायचा, मग वाय-फाय चालू करायचे, आणि त्या यंत्रावरून स्वतःलाच एक मेल पाठवून तो परत आल्याचे पाहूनच पुढचे यंत्र घ्यायचे. काही ॲप इंटरनेट नसताना नवा पासवर्ड जतन करू देत नाहीत. तिथे हॉटस्पॉट वापरावा, म्हणजे जुन्या पासवर्डाने एखादा प्रयत्न झालाच तर तो दुकानाच्या पत्त्याच्या नावावर लागत नाही. दोनदा चुकले की तिसऱ्यांदा प्रयत्न न करता थांबावे आणि डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे तपासावीत.

खाते काढून पुन्हा जोडणे हा उपाय लोक फार सहज सुचवतात, आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो, पण त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल खात्याबरोबर कायमचे जातात. आमची अकरा प्रुफे तशीच गेली असती. आणि खाते आयमॅपऐवजी पॉप पद्धतीने जोडलेले असेल, तर मेल सर्व्हरवरून उतरवून तिथून पुसले गेलेले असू शकतात, म्हणजे टॅबवरची प्रत हीच एकमेव प्रत असते. येणाऱ्या मेलचे पोर्ट ९९५ किंवा ११० दिसले तर ते पॉप समजावे आणि आधी जुने मेल दुसरीकडे पाठवून घ्यावेत. आयपॅडवर त्या खात्यातून आलेले संपर्क आणि दिनदर्शिकाही खात्याबरोबर दिसेनाशा होतात. त्या सर्व्हरवर असतील तर परत येतात.

फार जुन्या टॅबच्या बाबतीत पासवर्डाचा दोष नसतानाही ॲप पासवर्डाकडेच बोट दाखवते. बॅटरी पूर्ण उतरून टॅब बरेच दिवस पडून राहिला असेल तर त्याची तारीख मागे गेलेली असते आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवली की हे मिटते. अँड्रॉइड ५ ही आवृत्ती २०१४ साली आली. त्याआधीचे टॅब सुरक्षित जोडणीच्या ज्या जुन्या पद्धतींवर चालत, त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या आणि बहुतेक सर्व्हरांनी त्या बंद केल्या. असा टॅब कीर्तने ऐकायला ठेवावा.

काउंटरच्या खणात आता एक पुठ्ठा चिकटवलेला आहे, पत्रिकेच्या कटिंगमधून उरलेला. त्यावर छापखान्याचा पासवर्ड ज्यांच्या पोटात आहे त्या यंत्रांची नावे आहेत: काउंटरचा टॅब, काकांचा फोन, माझा फोन, हिशेबाचा कॉम्प्युटर. पाचवे नाव काकांनी गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने लिहिले. कामगार सोडून गेल्यावर प्लेट बनवण्याच्या खोलीतला कॉम्प्युटर कोणी चालू केलाच नव्हता.